हरणीचा पान्हा

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीकाठच्या एका नगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गवळ्याच्या कुळात जन्माला आले होते. त्यांचे नाव नंदक. वय झालेले, बोलणे कमी. सकाळच्या धारा काढून झाल्या की ते गोठ्याबाहेरच्या कडुलिंबाखाली डोळे मिटून बसत आणि आत येणाऱ्या, बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे पाहत राहत.

त्याच नगरात सोमिल नावाचा तांबट होता. हाताचा मोठा कसबी, पण स्वभावाने उतावळा. भांड्याला पोचा आला की ठोकायचे, आणि भांडे ऐकत नसेल तर आणखी जोरात ठोकायचे, एवढे एकच शास्त्र त्याला ठाऊक. त्याची बायको बाळंतपणात गेली आणि मागे राहिली तान्ही उत्पला. नंदकांच्या हरणी नावाच्या गाईच्या दुधावर ती पोर जगत होती. दुसरे कुठलेही दूध तिला पचत नसे.

उन्हाळा लागला की नगरातले सगळे गवळी गुरे घेऊन डोंगरात जात. नंदकांनाही निघणे भाग होते. हरणीला राजवाड्यातून मागणी आली होती, पण नंदकांनी तिला वासरासकट सोमिलाच्या अंगणात आणून बांधले आणि म्हणाले, "आठ दिवस आहेत. धार काढायला शीक."

सोमिलाने वासराला दोन घोट पिऊ दिले, मग ते बाजूला बांधले, गुडघ्यांत चरवी धरली आणि सडाला हात लावला. हरणीने पान्हा चोरला. एक थेंब खाली येईना. तीन दिवस हेच चालले. नंदक बसले की मात्र चरवी फेसाने भरे.

"बाबा, माझ्या हातात काय खोट आहे?" सोमिलाने विचारले.

"हातात नाही रे. तू इथे नसतोसच. हात हिच्या कासेशी आणि मन दहा ठिकाणी. कोण आलंय तेच तिला कळत नाही. उद्यापासून दूध काढू नकोस, नुसता हिच्याजवळ बस. श्वास आत आला, कळू दे. बाहेर गेला, कळू दे. मन पळालं तर परत आण. एवढंच."

सोमिलाला हे फारच सोपे वाटले. चौथ्या दिवशी तो बसला. तिसऱ्या श्वासाला मन भट्टीवर गेले, तिथून अर्ध्या राहिलेल्या घागरीकडे, तिथून बायकोच्या पैंजणांकडे. त्याला स्वतःचा असा राग आला की त्याने मांडीवर फाडकन हात मारला. हरणी दचकली. पुन्हा बसला, पुन्हा मन पळाले, पुन्हा फटका. सहाव्या दिवसापर्यंत बिचाऱ्याची मांडी लालबुंद झाली आणि हरणी त्याची सावली पाहूनच पाय झाडू लागली.

"हे काय चाललंय, लेका?" नंदकांनी विचारले.

"मनाला वळण लावतोय. पोचा आला की ठोकावंच लागतं."

नंदकांना हसू आवरेना. नेमकी तेव्हाच पाळण्यातली उत्पला रडू लागली.

"ही रडली की काय करतोस?"

"उचलतो."

"मारत नाहीस?"

"तान्ह्या लेकराला कोण मारेल, बाबा?"

"मग तुझं मनही तान्हंच आहे. बसायला लागून तीन दिवस तर झालेत त्याला. पळालं की उचलून आण."

आठवा दिवस उजाडला. सकाळी नंदकांनी मुद्दामच धार काढली नाही. उत्पला भुकेने रडत होती. सोमिल हरणीजवळ बसला. श्वास आत आला, बाहेर गेला. मन पळाले ते थेट बायकोकडे. शेवटच्या दिवशी तिने पाणी मागितले होते, आणि तो भट्टीवरून "आलो, आलो" म्हणत उशिरा उठला होता.

सोमिलाचा हात वर गेला, पण मांडीवर पडला नाही. हरणीच्या कुशीला कपाळ टेकून तो रडला. बायको गेल्यापासून तो रडलाच नव्हता. रडता रडता एक श्वास आत आला, आणि तो आल्याचे त्याला कळले. हरणीने मान वळवून त्याचा खांदा चाटला. तिची कास भरून आली. त्याचा हात आपोआप सडाकडे गेला आणि पहिली धार चरवीच्या तळाशी वाजली.

उत्पला पोटभर प्यायली आणि बापाच्या मांडीवर झोपली.

"आज किती वेळा पळालं?" नंदकांनी विचारले.

"सारखंच पळत होतं, बाबा."

"आणि?"

"उचलून आणलं."

"मग जमलं तुला. याहून जास्त मलाही येत नाही."

तेव्हा कुठे नंदकांनी आपली घोंगडी खांद्यावर टाकली. बाकीचे गवळी कधीच पुढे गेले होते आणि डोंगरातली चांगली कुरणे त्यांनी धरली होती. सोमिलाला धार जमली नाही तर आपण निघायचेच नाही, असे नंदकांनी पहिल्याच दिवशी ठरवले होते. हे त्यांनी त्याला कधी सांगितले नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान, म्हणाले, "भिक्षूंनो, काल ध्यान लागेना म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारून आसनावरून उठून गेलेला हा नवा भिक्षू, तोच तेव्हाचा सोमिल. याच्या शेजारी रोज न बोलता बसणारे वृद्ध स्थविर भिक्षू म्हणजे हरणी. गवळी मीच होतो. आणि रोज सकाळी दाराशी वाट पाहत थांबून याच्या पात्रात भात वाढणारी उपासिका, ती उत्पला."

नव्या भिक्षूचे डोळे भरून आले. तो उठला आणि पुन्हा आसनावर जाऊन बसला. इतरांवर आणि आपल्या स्वतःच्या मनावरही सारखीच माया करणे, हीच बोधिसत्त्वांनी त्या जन्मी पूर्ण केलेली मैत्री पारमिता, मैत्रीच्या गुणाची परिपूर्णता.