खारीच्या लेकीचं बारसं

फार फार पूर्वी रानात अशी रीत होती की, बारशाला बाळाच्या पाळण्यात एक फूल ठेवायचं आणि आत्याने त्याच फुलाचं नाव बाळाच्या कानात सांगायचं. त्याआधी फूल कोमेजलं, तर ते नाव बाद.

चिंगी खारीची लेक जेमतेम बोटभर होती. निदान नाव तरी भारदस्त असावं, म्हणून चिंगीने टपोरा गुलाब ठेवला. पण ओढ्याला पूर आला आणि आत्या पलीकडेच अडकली. गुलाबाने मान टाकली. दुसऱ्या दिवशी मोगराही पिवळा पडला.

“उद्या मावळतीपर्यंत नाव ठेव, नाहीतर ढोली सोड. बिननावाचं पोर या झाडावर नको!” वरच्या फांदीवरच्या साळुंकीने बजावलं.

चिंगी रडकुंडीला आली. तेव्हा ती जिच्या ढोलीत राहायची ती बकुळच म्हणाली, “अगं, माझं फूल ठेवून बघ की.”

“तुझं? ते तर नखाएवढं!”

“आणि तुझी लेक केवढी आहे?”

चिंगीने नाइलाजाने ते ठेवलं.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना आत्या निथळत आली. चिंगीने पाळण्यात पाहिलं आणि तिचा धीरच सुटला. “वन्सं, हेही सुकलं हो!”

आत्याने वाकून वास घेतला. “सुकलं असेल, पण कोमेजलं कुठे? अख्खी ढोली घमघमतेय!”

बाळाने ते तपकिरी फूल मुठीत घट्ट धरलं होतं. आत्या तिच्या कानाशी लागली, “कुर्रर्र... बकुळा!”

चिंगीने तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात साळुंकी डोकावली.

“नाव छान आहे हो. घुगऱ्या उरल्यात का?”