पुलाखालचं कुंकू

फार पूर्वी, वाटेची लांबी बैलांच्या दमावरून सांगत त्या काळी, नदीकाठच्या एका पेठेत मिठाचा एक व्यापारी राहत होता. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. जे शिकला ते पोत्यांकडून. मिठाला ओल लागते ती खालून. म्हणून हा गृहस्थ रोज सकाळी वखारीत जाई आणि थप्पीच्या तळाच्या पोत्याखाली हात घालून बघे. पाठोपाठ येणाऱ्या चिमुरड्या लेकीला सांगे, "बाळे, वरचं पोतं गिऱ्हाईक बघतं. खालचं आपण बघायचं असतं."

पेठ सगळी जगत होती नदीवरच्या दगडी पुलावर. मीठ, गूळ, कापड, लग्नाची वऱ्हाडं, सारं त्यावरूनच. पूल कुणी बांधला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याच्यासोबत एक रीत चालत आली होती. पावसाळा सरून पाणी उतरलं, की घरटी एक माणूस पात्रात उतरे आणि मधल्या खांबाच्या अगदी पायाशी असलेल्या दगडाला हळदकुंकू वाही. वाट निसरडी, काट्याकुट्यांची. उभं राहायला जागा हवी म्हणून पुरात अडकलेले ओंडके ओढून काढावे लागत. पाय ठरावा म्हणून हललेले दगड ठोकून बसवावे लागत. एवढं झालं, की मग कुठे कुंकू लागे आणि नारळ फुटे.

एके वर्षी व्यापाऱ्याची म्हातारी आई तिथं घसरली आणि कंबर धरून महिनाभर अंथरुणाला खिळली. आईवर त्याचा फार जीव. त्यानं पेठ गोळा केली.

"देवाला भेटायचं तर माणसानं हाडं मोडून घ्यायची का?" तो म्हणाला. "मी पुलावर, रस्त्याच्या कडेला छानशी घुमटी बांधतो. कुंकू तिथंच वाहा. लेकराबाळांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सोय."

गुरव जरा घुटमळला. "शेटजी, मोठ्यांनी देव खाली ठेवला, तो काही उगाच नसेल."

"अहो गुरव, तेव्हाचे गुरव तरणे असतील! तुमच्या गुडघ्यांना विचारा, ते काय म्हणतात."

सगळे खदखदून हसले. गुरवही गुडघे चोळत हसला, आणि गोष्ट ठरली.

घुमटी देखणी झाली. येणारा-जाणारा चालता चालता हात जोडी, व्यापाऱ्याला दुवा देई. म्हातारी आई तर दिवा लावायला स्वतः जाऊ लागली. पात्रात उतरायचं कारणच उरलं नाही. बाभळींनी ती वाट गिळून टाकली. पूल मात्र वरून दरसाल जास्तच साजरा दिसे. व्यापारी कठड्यांना चुना लावून घेई, चाकोऱ्या भरून घेई आणि लांब उभा राहून कौतुकानं बघे.

वर्षं गेली. म्हातारी आई देवाघरी गेली. लेक नदीपलीकडच्या गावी सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला निघाली. सुईणीला सांगून झालं, डिंकाचे लाडू वळून झाले. त्या सकाळी गुरव वखारीत आला.

"शेटजी, अलीकडे गाडी गेली की घुमटीतली पणती हलते."

"वारा असेल."

"वाऱ्यानं ज्योत हलते, शेटजी. पणती हलते म्हणतोय मी."

व्यापाऱ्यानं पुलाकडे नजर टाकली. पण अंगणात पाट मांडले होते, तोरण लागलं होतं. "आज लेक येतेय," तो म्हणाला. "ती येऊन जाऊ दे. मग उतरून बघू."

पूर नव्हता, वादळ नव्हतं, लख्ख ऊन होतं. लेकीची गाडी पलीकडून पुलावर चढली. व्यापारी अलीकडे भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन ओवाळायला उभा. आणि थकलेल्या बैलानं गुडघे टेकावेत, तसा मधला खांब मुकाट खाली बसला. गाडीवानानं लेकीला मागच्या मागं उतरवून काठाकडे ओढलं, म्हणून ती वाचली. गाडी, बैल आणि घुमटी नदीत गेली.

त्या धसक्यानं लेकीला कळा सुरू झाल्या. ती पलीकडे, सासरचं गाव दूर मागं राहिलेलं, सुईण अलीकडे, आणि मधल्या खांबापल्याड खोल डोह. उताराची जागा डोंगरापल्याड. "आबा!" अशी तिची हाक नदीवरून स्पष्ट ऐकू येत होती, आणि आबांना काही करता येत नव्हतं. सुईण वळसा घालून पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. लेक वाचली. बाळ वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्यापारी एकटाच बाभळी तोडत खाली उतरला. मोडक्या खांबाच्या पायाशी जुना दगड अजून होता. सवयीनं त्यानं त्या दगडाखाली हात घातला. हात खांद्यापर्यंत आत गेला. पाण्यानं वर्षानुवर्षं, कुणालाही न सांगता, पाया पोखरला होता. व्यापारी तिथंच चिखलात बसला आणि आजवर कधी रडला नव्हता तसा रडला.

सगळ्या पेठेनं राबून खांब पुन्हा उभा केला. लोक म्हणाले, "शेटजी, घुमटी पहिल्यापेक्षा मोठी करू."

"घुमटी नको," तो म्हणाला. "खाली जायला पायऱ्या करा, दोर बांधा. म्हाताऱ्यांना मी पाठीवर घेऊन उतरीन. पण देव खालीच राहील."

पाणी उतरल्यावर लेक आली. त्या दिवसापासून ती वडलांशी फारसं बोलली नव्हती. सगळ्यांबरोबर ती खाली गेली, दगडाला कुंकू लावलं. मग निघायच्या आधी वाकली आणि पाण्यात, दगडाच्या बुडाशी, हात घालून चाचपू लागली. तिनं लहानपणी वखारीत पाहिलं होतं, अगदी तसंच.

"आबा," ती म्हणाली, "इथं एक चीप बसवायला हवी."

पिकल्या केसांचा व्यापारी गुडघाभर पाण्यात उतरला आणि तिनं दाखवलेल्या फटीत दगडाची चीप ठोकू लागला.

तात्पर्य एवढंच: ज्या वाटेनं आपली माणसं येतात-जातात, तिच्या पायाशी दरसाल कुणीतरी उतरलंच पाहिजे, आणि जुनी रीत अवघड वाटली, तर ती सोपी करण्याआधी अवघड का ठेवली होती ते विचारावं.