टिचकू, बोका आणि दगडी पाला

खरी गोष्ट बरं का! गळ्याशपथ खरी. मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे... डोळे मिटलेले होते माझे. पण पाहिली!

माळावर एक उंदीर होता. इटुकला. नाव टिचकू.

पळता पळता त्याचं नख दगडात अडकलं. कट्‌! तुटलं.

टप्... टप्... रक्त आलं.

टिचकू घाबरला. माळावर काळा बोका फिरतो. बोक्याला रक्ताचा वास येतो!

आता काय लावायचं? दगडी पाला! उंच दांडी, वर एकच फूल. त्याचा रस लावला, की रक्त थांबतं.

लंगड टुण, लंगड टुण.

"पालामामा, पालामामा, पान दे. रक्त काही थांबेना. बोका येईल, मला खाईल!"

"देईन रे भाच्या! पण शेळीनं माझ्यावर पाय ठेवलाय. तिनं उचलला, तर देईन."

सळसळ... गवत हललं. बोका? नाही. अजून नाही.

"शेळीमावशी, शेळीमावशी, पाय उचल. पाला पान देईना, रक्त काही थांबेना. बोका येईल, मला खाईल!"

"बें! उगाच का उचलू? बाभळीनं शेंगा टाकल्या, तर उचलीन."

सळसळ... गवत जवळ हललं.

लंगड टुण, लंगड टुण.

"बाभूळकाकू, बाभूळकाकू, शेंगा टाक. शेळी पाय उचलेना, पाला पान देईना, रक्त काही थांबेना. बोका येईल, मला खाईल!"

"अरे, मला कुठे हलता येतं? वाऱ्यानं हलवलं, तर टाकीन."

सळसळ... गवत अगदी जवळ हललं.

टिचकू हळूच म्हणाला, "वारेदादा, वारेदादा, बाभूळ हलव. बाभूळ शेंगा टाकेना, शेळी पाय उचलेना, पाला पान देईना, रक्त काही थांबेना. बोका येईल, मला खाईल!"

"ऊं? कोण कुजबुजतंय? झोपलोय मी. मोठ्यानं बोल, तर उठेन."

मोठ्यानं? मग बोका ऐकेल!

टिचकूनं मागं वळून पाहिलं. गवतात दोन पिवळे डोळे.

टिचकू ओरडला, "वारेऽऽदादाऽऽ, ऊठ!"

सूऽऽऽ! वारा उठला. वाऱ्यानं बाभूळ हलवली. बाभळीनं शेंगा टाकल्या, खुळुक खुळुक. शेळी म्हणाली, "बरं." पाय उचलला. पाल्यानं पान दिलं.

टिचकू पाल्याखाली दडला. पान चावलं, कच कच. रस लावला. झोंबलं! आई गंऽऽ!

पण टिचकू चूप. अगदी चूप.

रक्त थांबलं.

बोका आला. हुंग हुंग... हुंग हुंग... नाकाशी नाक!

"छ्या! नुसता पाल्याचा वास!"

बोका गेला.

टिचकू घरी पळाला. आईनं पायावर फुंकर घातली. फूऽऽ.

सगळं खरं हं! फक्त शेळीचं "बरं" मी घातलं. शेळी ती! कुणाला "बरं" म्हणते होय?