निवाडा फिरला

एका राज्यात न्यायासन मोठं करामतीचं होतं. त्यावर बसून न्यायाधीश जे बोले, ते तिथल्या तिथे खरं होई. मायाजित नावाच्या जादूगाराने ते राजाला नजर केलं होतं, आणि देताना शापही चिकटवला होता: इथला निवाडा जो फिरवील, तो दगड होईल. राजा मात्र भेटीवर बेहद्द खूश!

त्याच राज्यात मंजुळा नावाची माळीण राहत होती. तिची लेक केतकी वाळक्या फांदीला हात लावी, की फांदीला पालवी फुटे. मायाजिताला ती आपल्या बागेसाठी हवी होती. “ही माझी मुलगी” असा त्याने दावा लावला, मंत्राने तीन खोटे साक्षीदार उभे केले, आणि न्यायाधीश विश्वंभरशास्त्री फसले. “केतकी मंजुळेची नव्हे,” त्यांनी निवाडा दिला. त्या क्षणापासून लेकीला आई दिसेना की आईचा आवाज ऐकू येईना. मंजुळा रोज मायाजिताच्या बागेच्या कुंपणाशी उभी राहून हाका मारी. पोर शेजारून निघून जाई आणि आईचं काळीज तिळतिळ तुटे.

त्या राज्यात पाखरांना वाचा यायची ती उतारवयात. एके दिवशी मंजुळेच्या वळचणीची साळुंकी बोलू लागली. “केतकी तुझ्या पोटी जन्मली, मी डोळ्यांनी पाहिलं आहे.”

मंजुळा तिला खांद्यावर घेऊन तडक न्यायसभेकडे निघाली. तिथले तीन दरवाजे बोलत.

“जुनंच रडगाणं गाणार असशील तर मागे फीर,” पहिला म्हणाला. “नवं काय आणलंस?”

“साक्षीदार.”

“त्या दिवशी का नाही आणलास?” दुसऱ्याने विचारलं.

“त्या दिवशी हिला वाचा नव्हती.”

तिसऱ्यापाशी भलेभले फसत. “दाद कुणाकडे मागतेस?” या प्रश्नाला सगळे ‘राजाकडे’ म्हणत आणि हात हलवत परत जात. राजा न्यायाधीशाला घरी बसवू शके. पण त्याचा शब्द फिरवायला त्याचंच तोंड लागे.

“ज्यांनी निवाडा दिला, त्यांच्याकडेच,” मंजुळा म्हणाली. दरवाजा उघडला.

शास्त्रींनी मायाजिताला आणि केतकीला बोलावून घेतलं. साळुंकीने साक्ष दिली. मायाजित हसला. “शास्त्रीबुवा, शाप आठवतो ना?”

“आठवतो.” शास्त्री आसनावर ताठ बसले. “माझा निवाडा चुकला.” त्यांचे पाय दगड झाले. “मी तो फिरवतो.” दगड कमरेवर चढला. आता म्हातारा कच खाणार, असं मंजुळेला वाटलं. गळ्याशी दगड आला तरी ते थांबले नाहीत. “केतकी मंजुळेचीच आहे.”

आता शास्त्रींचा आधीचा शब्द खरा करावा की हा, हे आसनाला उमगेना. ते मधोमध तडकलं. दगड खपल्यांसारखा गळून पडला, आसनात गुंतलेली मायाजिताची विद्याही त्याबरोबर गेली आणि तो पळत सुटला.

मंजुळा शास्त्रींच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला धरलं. “उपकार तुझे, बाई. तू परत माझ्याकडे आलीस, म्हणून माझी चूक माझ्या हातून निस्तरली.”

“महाराज, तुमच्यामुळे माझी लेक मला मिळाली,” मंजुळा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात केतकीने तिचा पदर ओढला. “आई, इतके दिवस मला हाक का नाही मारलीस गं?”

मंजुळेच्या ओठांवर सगळं आलं होतं. ते तिने गिळलं.

“आता मारते,” ती म्हणाली, आणि लेक हाताशी उभी असतानाही तिने पोटभर हाक मारली.

“ओ!” केतकी म्हणाली.