दुसऱ्याचा निरोप

फार पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत असताना (त्याचं नाव मी विसरलो, त्याचं काही अडलेलं नाही) बोधिसत्त्व एका श्रेष्ठीच्या कुळात जन्मले. शूर्पारक बंदरापासून नगरापर्यंत व्यापाऱ्यांचे निरोप दाम घेऊन पोचवायला डोंगराडोंगरावर त्यांनी नगारे बसवले. एकाने वाजवायचं, पुढच्याने तीन ठोके देऊन ‘ऐकलं’ म्हणायचं आणि तेच पुढे वाजवायचं.

ते पाहून विसाख श्रेष्ठीने त्याच डोंगरांवर आपलेही नगारे नेले. आता प्रत्येक माथ्यावर दोन नगारे, दोन माणसं, आणि दोघांना ताकीद : एकमेकांशी बोलायचं नाही. माकडसुद्धा इतकं एकटं राहत नाही.

एकदा बोधिसत्त्व पाहणीला एक डोंगर चढून गेले. त्यांचा नगारेवाला गोपक म्हणाला, “या शेठजी! तीन महिन्यांनी माणसाशी बोलतोय. जीभ गंजली.”

वीस पावलांवर विसाखाचा तिस्स पाठ फिरवून नगारा वाजवत होता. वाजवी, थांबे, कानामागे हात धरी. पलीकडून ठोके येत नव्हते.

“सकाळपासून चाललंय,” गोपक हसला. “त्यांचा पुढचा माणूस काल पळाला. एकटा कंटाळला असेल. त्याला समोरचा डोंगर उतरताना मी पाहिलं. याला कोण सांगणार? बोलायची बंदी ना!”

“निरोप काय आहे?”

“विसाखाच्या गलबतावर ताप पसरलाय. वैद्य पाठवा.”

“तू का नाही वाजवलास?”

“शेठजी, वाट आपण पाडली, माथे आपण शोधले. त्यांचे निरोप आपणच नेले, तर आपलं गिऱ्हाईक राहील का?”

नव्हतंच राहणार. बोधिसत्त्वांनाही ते कळत होतं. तेवढ्यात तिस्साने पुन्हा वाजवलं. हात थकला होता. बोधिसत्त्वांनी गोपकाच्या हातातली टिपरी घेतली आणि तो निरोप स्वतः वाजवला. हात कच्चा, ताल वाकडा.

लांबून तीन ठोके आले.

तिस्स वळला. एखादं झाड बोललं असावं तसा तो बघत राहिला. मग रडू लागला.

वैद्य पोचला. दोन खलाशी गेले, बाकीचे जगले. त्यानंतर बोधिसत्त्वांचे नगारे कोणाचाही निरोप एकाच दराने नेऊ लागले, आणि बोलायची बंदी उठली. अर्धं गिऱ्हाईक विसाखाकडे गेलं. विसाखाने आभार मानले नाहीत, हे सांगायला नकोच.

विहारात जमलेल्या भिक्खूंना एवढं सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, “तो विसाख म्हणजे आपली चटई कोणाला न देणारे हे थोरले भिक्खू. गोपक आणि तिस्स म्हणजे अबोला धरून कोपऱ्यात पाठीला पाठ लावून बसलेले ते दोघे. श्रेष्ठी मीच होतो.”

कोपऱ्यातल्या त्या दोघांपैकी एकाने भिक्षापात्रावर हळूच तीन ठोके दिले.

“यालाच मैत्री म्हणतात,” शास्ता म्हणाले.