तीन प्रकरणांचा बंधारा

त्या राज्यात नदी होती, पण बंधारा नव्हता. आणि बंधारा बांधायचा तर आधी त्याच्या गणिताचा ग्रंथ तयार झाला पाहिजे, असा तिथला रिवाज होता. ग्रंथही एकट्यादुकट्याने लिहिलेला चालत नसे. एकाचं डोकं चुकतं, अनेकांची डोकी चुकत नाहीत, यावर त्या राज्याची फार श्रद्धा होती.

म्हणून प्रकरणं तिघांना वाटून दिली. मातीच्या भरावाचं मुंगीकडे, ताणाचं कोळ्याकडे, आणि दगडाला दगड बिनफटीचा कसा बसवायचा ते मधमाशीकडे. तिघंही आपापल्या विषयातले गाढे विद्वान. शिष्टाचार असा, की ग्रंथ बाहेर पडेपर्यंत एका लेखकाने दुसऱ्याच्या पानात डोकवायचं नाही. डोकावणं म्हणजे शंका घेणं, आणि शंका घेणं म्हणजे अपमान करणं, असं मानलं जाई.

तिघांची पानं एका साच्यात बसवायचं काम टिटवीकडे आलं. टिटवी मुळातच जिवाला घोर लावून घेणारी. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते, अशी सगळं रान तिची थट्टा करी. पण या खेपेला तिचा घोर खरा होता. तिची अंडी नदीकाठच्या उघड्या वाळूत होती, बंधारा उठणार होता त्याच्या खालच्या अंगाला, अगदी पायथ्याशी. टिटवीला अंडी उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. बंधारा टिकला तर पिल्लं, नाही तर नाही.

"बाई, मजकूर त्यांचा, समास तुमचा," ग्रंथाचा संपादक बगळा तिला म्हणाला. "आत काय लिहिलंय त्याची उठाठेव नको. कडा तेवढ्या सरळ आल्या पाहिजेत."

कडा सरळ आणणं काही सोपं नव्हतं. मुंगीचं अक्षर इतकं बारीक, की धूळ समजून फुंकर मारली तर अर्धी सिद्धता उडून जावी. कोळ्याने पानाच्या कडेपासून गोल गोल लिहीत निष्कर्ष मधोमध आणला होता. पान फिरवता फिरवता टिटवीला घेरी आली. मधमाशीने प्रत्येक ओळ षटकोनात कोंबलेली. टिटवीने सगळं सोडवलं, एकसारख्या ताडपत्रांवर चोचीने पुन्हा उतरवलं, आकृत्यांना क्रमांक दिले, बरोबरीची चिन्हं एकाखाली एक आणली. या कामात तिचा जीव रमे. ओळ सरळ आली की छातीतली धडधड तेवढ्यापुरती थांबे.

मग संदर्भांना पृष्ठांक घालायची वेळ आली. मुंगीने लिहिलं होतं: 'पाण्याचा जोर किती, हे कोळ्याने सिद्ध केलेलंच आहे, ते धरून पुढे जाऊ.' टिटवीने पृष्ठांकासाठी कोळ्याचं प्रकरण उघडलं. तिथे होतं: 'पाण्याचा जोर माशीने दाखवल्याप्रमाणे.' माशीच्या प्रकरणात होतं: 'याची सविस्तर सिद्धता मुंगीकडे पाहावी.' टिटवी परत मुंगीच्या पानाशी आली. पुन्हा एक फेरी मारली. पाण्याचा जोर कुणीच मोजला नव्हता.

टिटवीचं धाबं दणाणलं. ती मुंगीकडे धावली.

"मुंगीताई, पाण्याचं गणित कुठं आहे?"

"कोळीबुवांनी केलंय ना! एवढे मोठे विद्वान, ते का सोडतील?"

"पण तुम्ही स्वतः मोजून पाहिलंत?"

"मी? पाण्यात? भलतंच काय!"

कोळी जागचा हलला नाही. "आधीच त्या माशीला माझी धास्ती," तो म्हणाला. "त्यात तिच्या सिद्धतेवर बोट ठेवलं, तर म्हणेल, आता खायलाच उठलाय. नको रे बाबा." माशीने तर धड ऐकूनही घेतलं नाही. "तुम्ही समासाच्या बाई," ती उडता उडता म्हणाली, "समासातच राहा."

टिटवीला ना चारा गोड लागे, ना अंड्यांवर बसवे. शेवटी तिने ग्रंथाच्या आरंभी एक पान घातलं. वर लिहिलं, 'पाण्याचा जोर', आणि खाली सगळं मोकळं सोडलं. ज्याला येत असेल त्याने भरावं. ते घेऊन ती बगळ्याकडे गेली. तो नेहमीप्रमाणे काठालगतच्या पाण्यात उभा होता.

"हे काढा आधी," तो म्हणाला. "कोरं पान म्हणजे पुढचा दात पडलेलं तोंड. शोभा जाते."

"भाऊ, तुम्ही रोज पाण्यात उभे राहता. तुम्हाला तरी त्याचा जोर ठाऊक असेल?"

"आहे ना. म्हणून तर काठ सोडत नाही." मग त्याने मान उंच केली. "आणि काय हो बाई, हे तिघं चुकले आणि तुम्ही एकट्या बरोबर?"

टिटवीला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. पण तिघांपुढे आपल्या एकटीचं कोण ऐकणार, म्हणून तिने पान काढलं. काढल्यावर क्रमांक तुटले, तेही तिनेच सांधले. गचाळ काम करणं तिला जमतच नव्हतं. पान गेल्याची खूण कुठे उरली नाही.

ग्रंथाची वाहवा झाली. जो तो पानं उलटून म्हणे, "इतकं नेटकं आहे, म्हणजे बरोबरच असणार." बंधारा ग्रंथाबरहुकूम उभा राहिला.

आणि मग वरच्या खोऱ्यातून गढूळ पाणी यायला लागलं. टिटवी अंड्यांवर बसली होती. तिच्यासमोरून मुंग्यांची रांग टेकडीकडे निघाली होती, प्रत्येकीच्या तोंडात एकेक अंडं.

"मुंगीताई, कुठं निघालात?"

"हवापालटाला गं," मुंगी न थांबता म्हणाली.

टिटवीला राहवेना. ती उडाली आणि रांगेच्या वरून टेकडीवर गेली. माथ्यावरच्या झाडाला मधमाशी नवं पोळं धरत होती. खालच्या फांदीला कोळ्याने नुकताच पहिला धागा बांधला होता. बुंध्याशी मुंग्या अंडी उतरवत होत्या, आणि शेजारच्या कोरड्या कातळावर बगळा येऊन उभा होता. सगळ्यांनी एकमेकांना पाहिलं. कुणीच कुणाला काही विचारलं नाही.

टिटवी ओरडत खाली आली आणि अंड्यांवर पंख पसरून बसली. बंधाऱ्याच्या पलीकडून पाण्याचा आवाज येत होता.