रंगवलेलं जातं

वस्तू संतापल्या की बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट.

वर्तुळ शिकवायला ढवळेबाईंनी वर्गात दगडी जातं आणलं. साहेब तपासणीला येणार म्हणून त्याला निळा रंग फासला, मधल्या मेखेपासून खुंट्यापर्यंत पिवळी पट्टी ओढून वर 'त्रिज्या' लिहिलं आणि मुलांना दम भरला, "हात लावाल तर याद राखा!"

जातं भडकलं. "अहो बाई, मी काय शोभेची बाहुली आहे? पोरांना खुंटा धरून फिरवू द्या! तो मेखेपासून लांबही जात नाही आणि जवळही येत नाही, हे त्यांच्या हाताला कळू द्या!"

"रंग जाईल," बाई म्हणाल्या.

साहेब आले. "मुलांनो, त्रिज्या म्हणजे काय?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "जात्यावरची पिवळी पट्टी!"

"शाब्बास!" साहेब म्हणाले.

जात्यानं कराकरा दात खाल्ले. दुसरं काही दळायला त्याला कुणी दिलंच नव्हतं.